बंदराच्या गावाची नोंदवही कशी करावी

गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिल्या पानावर हटकून कुठला तरी राजा येतो, दुसऱ्यावर किल्ला येतो आणि तिसऱ्या पानावर लिहिणाऱ्याचा दम संपतो. खाडीकाठच्या गावांच्या अशा पुस्तिका कोकणात पुष्कळ निघाल्या आहेत. गावाला प्यायचं पाणी कुठून येतं, बाजार नेमका याच जागी का भरतो, उधाणाचं पाणी कुणाच्या अंगणापर्यंत चढतं, यातलं त्यांत काहीच सापडत नाही. म्हणून क्रम उलटा धरावा. आधी पाणी, मग जमीन, मग माणसं आणि त्यांचा बाजार. राजेमहाराजे सगळ्यांत शेवटी, आणि तेही कागद हातात असेल तेवढेच.

जपानमधली लहान शहरंसुद्धा आपला इतिहास जाडजूड खंडांत छापतात, आणि ते काम बहुधा तिथली नगरपालिकाच अंगावर घेते. त्यांची एक रीत जशीच्या तशी उचलावी: गोष्ट एका खंडात, मूळ कागद, याद्या आणि नोंदी वेगळ्या खंडात. गोष्ट पटली नाही तर वाचणारा मूळ नोंद काढून पाहू शकतो. आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ होते आणि ऐकीव काय, कागदावरचं काय, हे पुढच्या पिढीला कळेनासं होतं.

हिरोशिमा प्रांतातलं ओनोमिची हे बंदर नमुना म्हणून घ्या. पाठीशी डोंगर, समोर समुद्राची अरुंद पट्टी, पलीकडे मुकाइशिमा बेट, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गाव. ११६९ मध्ये आतल्या मुलखातल्या एका जहागिरीचा तांदूळ जहाजांवर चढवण्याची जागा म्हणून हे बंदर ठरलं. तांदळामागून व्यापारी आले. व्यापाऱ्यांच्या पैशातून उतारावर देवळं उभी राहिली. त्यांतल्या जोदोजीचं मुख्य मंदिर १३२७ चं आहे. सपाट जागा संपली तशी घरं देवळांच्या मधून डोंगर चढू लागली आणि पायऱ्यांच्या वाटा झाल्या. १८९८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला, १९९९ मध्ये बेटांवरून समुद्रापलीकडच्या इमाबारी शहरापर्यंत जाणारे सगळे पूल खुले झाले, २००५-०६ मध्ये लिंबा-संत्र्यांची बेटं शहराच्या हद्दीत आली. पायऱ्यांवरच्या घरांपर्यंत मात्र गाडी जात नाही, म्हणून त्यांतली बरीच आज रिकामी आहेत. तांदूळ, धक्का, व्यापारी, देऊळ, पायऱ्या, रिकामं घर: एकातून दुसरं निघत गेलं आहे. आपल्या गावाची अशी साखळी सापडली की नोंदवही उभी राहिली म्हणायची.

राजापूरची साखळी मांडून पाहा. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या संगमावरचं, समुद्रापासून बरंच आत असलेलं बंदर. घाटावरचा माल इथे उतरायचा, म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली, आणि म्हणूनच १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर छापा घातला. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबतं वर येईनाशी झाली आणि बंदराचं काम खाडीच्या तोंडाशी, जैतापूरकडे सरकलं. मग मुंबई-गोवा महामार्ग आला, मग रेल्वे, आणि रेल्वेचं स्टेशन शहरापासून दूर पडलं. बाजारपेठ राहिली जुन्या धक्क्याजवळच, आणि दर पावसाळ्यात पुराचं पाणी तिथे शिरतं. इथे राजा आला, पण बंदराच्या मागून आला.

पाण्यापासून सुरुवात

भरती-ओहोटी मोजायला यंत्र लागत नाही. सात-आठ मीटरची टेप, तिच्या टोकाला बांधायला शिशाचं जाळ्याचं वजन, घड्याळ आणि पंचांग पुरे. धक्क्याच्या कडेवर एक जागा पक्की करा, तिथे ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि दर वेळी त्याच ठिपक्यापासून खाली पाण्यापर्यंत मोजा. धक्क्यावर आकडे रंगवण्याच्या भानगडीत पडू नये. पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ चढतं.

वेळ काढायचा कोळी-खारव्यांचा हिशेब पाठ ठेवा: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि दुसरी भरती पहिलीनंतर सुमारे साडेबारा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. हा उशीरच नोंदवायचा असतो. एक माणूस खाडीच्या तोंडाशी आणि एक वरच्या धक्क्यावर ठेवा. दोघांनी ठरल्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर पंधरा मिनिटांनी माप घ्यावं. लाट हलत असेल तर लागोपाठ तीन मापं घेऊन मधलं लिहावं.

एका चांद्र महिन्यात चार दिवस निवडा: अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. माघ-फाल्गुनात वारा पडलेला असतो तेव्हा एक फेरी करा आणि श्रावणात दुसरी. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाणी खाडीत दाबून धरतो आणि वरून नदीचा लोंढा येतो, त्यामुळे ओहोटी लागायला वेळ जातो. गावात पूर का येतो याचं अर्धं उत्तर या दोन कोष्टकांच्या फरकात असतं. मुंबईचे आकडे घेऊन दक्षिण कोकणात वापरू नका. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो.

पुराच्या खुणा हे यातलं सगळ्यांत निकडीचं काम, कारण रंग मारला की खूण गेली. चिपळूणला २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांची पाणरेघ दाखवणारी माणसं अजून आहेत. रेघेची उंची घराच्या उंबरठ्यापासून मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण प्रत्येक उंबरठा वेगळ्या उंचीवर असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, पंधरा मीटर लांबीची, आणि घराघरातून पातळी पुढे नेत एका पक्क्या खुणेशी जोडा: देवळाची पायरी, पुलाचा खांब, शाळेचा जोता. नळीत बुडबुडा राहिला तर माप चार-पाच सेंटिमीटरने फसतं. पाणी भरताना नळी उभी धरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे वर काढा. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाची वाडी आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथे दगड रोवून ‘याच्या खाली घर बांधू नका’ असं कोरून ठेवलं. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वाडी वाचली. आपल्याकडे असा दगड बसवायला कुणी हरकत घेतली, तर निदान नोंदवहीत आकडा असावा.

विहिरी दोनदा मोजा, वैशाखाच्या अखेरीस आणि गणपती झाल्यावर. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. पहाटे, कुणी पाणी शेंदायच्या किंवा पंप लावायच्या आधी माप घ्या. सगळ्यांत जास्त घोटाळा कठड्याचा होतो: एकजण कठड्यावरून मोजतो, दुसरा जमिनीवरून, आणि शेजारशेजारच्या विहिरींत तीन फुटांचा फरक दिसतो. जमिनीपासूनच मोजायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाणी गोडं की मचूळ, आणि मचूळ कुठल्या महिन्यापासून, हे घरच्या बाईला विचारा.

पावसासाठी सरळ भिंतींचं, तोंडाइतकंच तळाला रुंद असलेलं भांडं हवं. कापलेली बाटली उथळ असते. कोकणात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या वर पडतो आणि ती भरून वाहते. निदान ४० सेंटिमीटर उंच भांडं घ्या, माडाच्या झावळीखाली ठेवू नका, आणि रोज सकाळी साडेआठला मोजा, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.

जमिनीचा काप

पुळणीपासून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपासून, सड्यापर्यंत एकदा सरळ चालत जा आणि जे लागेल ते क्रमाने लिहा. पुळण, सुरूची बनं किंवा माड, आगर, घरं, रस्ता, मळा किंवा खाजण (खाडीकाठची खारी जमीन), मग चढ, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), आंब्या-काजूच्या बागा आणि वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. पावलं मोजत चाला. आधी शंभर मीटर टेपने मोजून त्यात आपली किती पावलं पडतात ते पाहून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर ही रेघ मारली की गावाचा काप तयार.

कापात झरे कुठे लागतात ते ठळक लिहा. जांभ्यातून पाणी झिरपतं, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतं आणि उतारावर बाहेर पडतं. म्हणून जुन्या वाड्या बहुतेक एकाच उंचीवर, झऱ्यांच्या ओळीत वसलेल्या दिसतात. सड्यावर चिरेखाण निघाली आणि खालचा झरा आटला, असं कुणी सांगितलं तर खाणीचं साल आणि झरा आटल्याचं साल वेगवेगळं नोंदवा. निष्कर्ष काढायची घाई नको.

सड्यावर कातळशिल्पं असतील तर त्यांची लांबी-रुंदी आणि दिशा नोंदवा. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, कशेळी या जागा आता ठाऊक झाल्या आहेत आणि कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. फोटोसाठी रेघांत खडू किंवा चुना भरण्याची हौस अजून गेलेली नाही. ती करू नये. सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना रेघा आपोआप उठून दिसतात. शिलालेख, वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड) आणि गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड) यांनाही हेच लागू. उजेड नसेल तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा.

वाड्यांची, पाणंदींची, कोंडांची, खाडीतल्या खडकांची नावं गोळा करायला पुरुषांबरोबर बायकांनाही विचारा. तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बायकांना खाडीच्या तळाचा जो नकाशा पाठ असतो तो कुठल्याच नकाशात नसतो. होडी घेऊन जाणारे दोन खुणा एका रेघेत आणून वाट धरतात: देवळाचा कळस आणि मागचा एखादा माड. त्या जोड्या लिहून घ्या. माड पडला की वाट हरवते.

सालांचा घोळ

बहुतेक पुस्तिका इथे घसरतात. जुन्या कागदावर आणि दगडावर इसवी सन क्वचित असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तारीख जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची असेल तर ७९. सिंधुदुर्गाचं बांधकाम शके १५८६ मध्ये मार्गशीर्षात सुरू झालं, म्हणजे नोव्हेंबर १६६४. त्याच शकातला माघ धरला तर १६६५ येतं.

पेशवाईतल्या मोडी कागदांत शुहूर सन ही तेव्हाची सरकारी कालगणना असते आणि ते साल अरबी शब्दांत, एकं आधी, मग दहं, मग शे आणि हजार असा लिहितात. ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार: ११६२. हे साल मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६२ हे १७६१-६२ होतं. फसली या महसुली सालाला असेच ५९० किंवा ५९१. राजशक १६७४ च्या राज्याभिषेकापासून मोजतात, म्हणून त्यात १६७३ मिळवायचे आणि वर्षअखेरच्या महिन्यांना १६७४. रूपांतर केलेला आकडा लिहिताना मूळ साल शेजारी जसंच्या तसं ठेवा. चूक झाली असेल तर दुसरा कुणी दुरुस्त करील. दगडावर संवत्सराचं नाव असेल तर तेही ताडून पाहा. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर वाचनात चूक आहे किंवा दगड नंतरचा आहे.

छापील साधनांत इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर पहिलं उघडा: रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड, १८८० चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा, १८८३ चा. गाव शोधताना इंग्रजांचं स्पेलिंग आडवं येतं. विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले यांची दोन-तीन रूपं करून शोधा. बंदरांच्या आयात-निर्यातीचे आकडे त्यात चांगले आहेत. जातींबद्दलचे शेरे मात्र त्या काळच्या साहेबाच्या चष्म्यातले आहेत, ते उतरवून घेऊ नका.

माणसांकडून घेताना

‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं की ‘पूर्वी सगळं स्वस्त होतं नि माणसं चांगली होती’ एवढंच मिळतं. ‘आजी, लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात?’ असं विचारा. मग वाट येते, हंडा येतो, बरोबरच्या बाया येतात, आणि कुठल्या विहिरीवर कुणाला जाऊ देत नव्हते तेही येतं. ते गाळू नका.

साल कुणाला आठवत नाही, म्हणून खुंट्या वापरा. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला. कसेल त्याची जमीन झाली १ एप्रिल १९५७ पासून. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले १ मे १९८१ ला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ पासून. फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये, निसर्ग वादळ ३ जून २०२० ला. ‘धक्का बांधला तो भूकंपाच्या आधी की नंतर?’ याला उत्तर मिळतंच.

फोनवर ध्वनिमुद्रण करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, आणि फोन झोपाळ्यावर ठेवू नका. कड्यांची करकर बोलण्याच्या वर येते. पत्र्याच्या पडवीत पावसात मुद्रण करायला बसणं फुकट आहे. सुरुवातीला तारीख, वाडी आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने बोला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत थांबा, पुन्हा जा. उतरवून काढताना मालवणी किंवा संगमेश्वरी बोली जशी आली तशी ठेवा. पुस्तकी मराठीत बसवायला गेलं की अवजारांची, वाऱ्यांची, माशांची निम्मी नावं गळतात.

मानपानाच्या गोष्टींत हमखास दोन बाजू असतात. पालखी आधी कुणाच्या दारात, होळीला पहिला हात कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं: दोन्ही घरांचं म्हणणं शेजारीशेजारी लिहा, निवाडा करू नका. कोर्टात असलेली प्रकरणं छापू नका. देवळातली जुनी चांदी किंवा मूर्ती कुठल्या खोलीत असते हेही नाही.

बाजार आणि हंगाम

हंगामाचं कोष्टक बारा महिन्यांचं करा, पण चैत्रापासून किंवा जूनपासून, जानेवारीपासून नको. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. समुद्राला नारळ मात्र नारळी पौर्णिमेला. या दोन तारखांमधलं अंतर दरवर्षी बदलतं आणि त्यावरून वाडीत दरवर्षी बोलणं होतं, म्हणून दोन्ही नोंदवा. भाताची लावणी-कापणी, शिमगा, आंब्याची पहिली पेटी, दशावताराच्या जत्रांच्या रात्री हे सगळं त्याच कोष्टकात येतं.

मासळीच्या लिलावात टोपली हे माप धरू नका. टोपल्या तीन-चार आकारांच्या असतात. प्रत्येक आकाराच्या तीन भरलेल्या टोपल्या वजन करून सरासरी काढा, मग टोपल्या मोजत बसा. रापण, पाग, गिलनेट, ट्रॉलर, पर्ससीन या मासेमारीच्या वेगवेगळ्या रीती, त्यांतला माल वेगवेगळ्या रकान्यात लिहा. एकत्र केला तर कुणाचं पोट कशावर चालतं ते दिसत नाही. धान्याच्या जुन्या मापांचंही तसंच. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी असं म्हणतात, पण भात वेगळं आणि तांदूळ वेगळा भरतो. कुणाकडे जुनी पायली असेल तर तांदळाने भरून, काठाशी सपाट करून, काट्यावर ठेवा आणि किलोचा आकडा लिहा.

छापायच्या आधी

जागेवर लिहिताना पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा. जेलची शाई आषाढात फुटते. फोटोंना नाव देताना तारीख, वाडी, विषय या क्रमाने द्या. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, त्यांतलं एक तरी घर पाणरेघेच्या वर असावं.

मजकूर तयार झाला की कच्ची प्रत महिनाभर ग्रंथालयात ठेवा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधून. लोक शुद्धलेखन नाही सुधारणार, पण कुणाची विहीर कुणाच्या नावावर लिहिली ते बरोबर पकडतील. दुरुस्त्या छापखान्यात जायच्या आत घ्या. तरी शेवटची आठ पानं कोरी सोडायला सांगा, आणि एक प्रत शाळेला, एक ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला, एक तालुक्याच्या ग्रंथालयाला द्या. मोजमापांची मूळ वही मात्र कुणालाही घरी नेऊ देऊ नका.